पायाचं पान

११ जानेवारी

ताई,

"तीर्थरूप" लिहून दोन कागद फाडले. शेवटी म्हटलं, चार वर्षांनी लिहितेय तर निदान हाक तरी नेहमीची मारावी. पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून घेतला. तिच्यावर चिडू नकोस, मी फार मागे लागले होते.

कामासाठी लिहितेय. नाही, खोटं कशाला बोलू, कामाचं निमित्त सापडलं म्हणून लिहितेय.

मी अजून त्याच दवाखान्यात आहे, गिरणीच्या मागच्या फाटकासमोरच्या. गेल्या वर्षापासून डॉक्टरीणबाईंनी साखरवाल्यांचा, म्हणजे मधुमेहाच्या लोकांचा, वर्ग माझ्या गळ्यात घातलाय. दर बुधवारी, पहिली पाळी सुटली की. आमच्या दवाखान्यांच्या मुख्य कार्यालयानं पाठवलेली पुस्तिका समोर धरून मी शिकवायचे. त्या पुस्तिकेत एक बाई आहे. ती पांढरे बूट घालून तळ्याकाठी फिरते, टेबलाशी एकटी बसून तोलून-मापून खाते, आणि सगळ्या चित्रांत हसत असते. पहिल्या वर्गाला एकतीस जण आले होते. चौथ्याला पाच. त्या पाचांत गिरणीच्या कँटीनमधल्या मावशी होत्या. मी विचारलं, "बाकीचे का हो येत नाहीत?"

"पोरी," त्या म्हणाल्या, "तुझ्या ह्या बाईला सासू नाही, गिरणीची पाळी नाही, दारात पाहुणा नाही. हिला साखर झालीच कशी, ते सांग आधी."

पाचही जण हसले. मीही हसले, पण ते मनात राहिलं. आठवड्यानं डॉक्टरीणबाईंना म्हटलं, ही पुस्तिका ठेवू बाजूला, इथल्या माणसांना लागू पडेल अशी आपणच करू. त्या म्हणाल्या, "कर. मार्चच्या आत कर."

म्हणून हे पाठवतेय. सोबत चोवीस पानं आहेत, हाताने लिहिलेली, चित्रंही माझीच, हसू नकोस. वाचशील का? तू ह्या रोगाचं शेवटचं टोक रोज बघतेस, डायलिसिसच्या यंत्राशेजारी उभी राहून. पहिल्या टोकाला आम्ही काय सांगायला हवं, हे तुझ्याइतकं कुणाला कळणार?

बाबा बरे आहेत. बुटांच्या दुकानात अजून जातात, पण आता अर्धा दिवसच. गुडघ्यावर बसून मापं घेणं मात्र सोडत नाहीत. मालक म्हणतो, पोरांना घेऊ द्या. हे म्हणतात, पोरांना फक्त लांबी कळते, पाय कळत नाही.

तुझी धाकटी

६ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. मी वाट बघत नव्हतेच असं लिहिणार होते.

महिनाभर घरोघर हिंडले. दुपारी चार घरं केली की चार कप चहा, आणि प्रत्येक कपात तीन चमचे साखर. मधुमेहावर बोलायला आलेली बाई नको म्हणाली, तर यजमानीणबाईचा चेहरा असा उतरतो, की पुढचं एक अक्षर तिच्या कानात शिरत नाही. मी हे मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "नको म्हणू नकोस. म्हण, तुमच्या हातचा बिनसाखरेचा पिऊन बघायचाय. बघ कशी खूश होते." आणि खरंच तसंच झालं! ते वाक्य जसंच्या तसं सातव्या पानावर टाकलंय.

अशीच सगळी भर पडत गेली. गिरणीत चौघी-चौघी डबे एकत्र उघडून जेवतात, त्यामुळे "तुमचं ताट" हा शब्दच काढला. आता "तुमची मूठ" आहे. आपल्या मुठीएवढा भात वाढा, शेजारणीच्या मुठीएवढा नाही. तळ्याकाठी फिरणं काढलं. पाळी सुटल्यावर फाटकापासून घरापर्यंत लांबच्या वाटेनं, मैत्रिणीबरोबर, गप्पा मारत. "रक्तशर्करा" तर बाबांनीच खोडलं. म्हणाले, "हे कोण बोलतं? साखर म्हण. 'माझी साखर वाढली', असंच म्हणतात सगळे."

हो, बाबा माझे पहिले वाचक आहेत. संध्याकाळी चष्मा पुसून बसतात आणि एकेक पान मागून घेतात. आई गेल्यापासून आम्ही दोघं एका गोष्टीवर इतका वेळ बोललेलो मला आठवत नाही. तुला वाटेल, ही अजून त्यांच्याच तोंडाकडे बघून वागते. वाटू दे.

फक्त एका पानावर अडले. पायाचं पान. रोज पाय धुवा, तळवा आरशात बघा, मुंग्या यायच्या थांबल्या म्हणजे बरं झालं असं नाही, उलट आता लागलेलं कळणार नाही. आणि शेजारी जखमेचं चित्र. बाबांनी ते पान हातात घेतलं, बराच वेळ धरून ठेवलं, आणि म्हणाले, "हे काढ."

"का हो?"

"लोक घाबरतील. तुझ्या वर्गाला यायचेच बंद होतील. जेवणाचं पुस्तक आहे, त्यात हे कशाला?"

मी म्हटलं बघते. मग बुधवारी वर्गात दाखवलं, तर दोघीतिघींनी तोंड फिरवलं. एक म्हणाली, "बाई, हे बघून रात्री जेवण जायचं नाही." ठरवलं नाही अजून. पण पुस्तक लोकांसाठी करायचं, तर लोकांचं ऐकायला नको का?

तुझी धाकटी

२९ मार्च

ताई,

पुस्तक छापून आलं. बत्तीस पानी, पिवळं कव्हर. एक प्रत सोबत आहे.

तुझं पत्रही मिळालं. एकच ओळ. "पायाचं पान सगळ्यात चांगलं झालंय, ते सुरुवातीला घे." पण ते आलं तेव्हा छपाई होऊन गेली होती. टपालाला काय बोलणार!

पायाचं पान ह्या आवृत्तीत नाही. अहवालात मी लिहिलं, "स्थानिक लोकांच्या भावनांचा विचार करून भीतिदायक मजकूर वगळण्यात आला आहे." डॉक्टरीणबाईंना ते वाक्य फार आवडलं. त्यांनी त्याखाली रेघ मारून अहवाल वर पाठवला.

आणि ताई, वर्ग भरतो आता! परवा छत्तीस जण होते. मागे उभं राहायला जागा नव्हती. एका विणकरानं आपल्या मुठीचं माप सगळ्यांना दाखवलं आणि सगळे म्हणाले, ही मूठ आहे की फावडं! सहा जणांची साखर खाली आलीय. मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा बुधवारची वाट बघायला लागलेय.

तुला आनंद झाला तर कळव. नाही झाला तरी कळव.

तुझी धाकटी

९ मे

ताई,

बाबांना काल दवाखान्यात भरती केलंय. मोठ्या दवाखान्यात, आमच्या नाही. उजवा पाय. साखर त्यांना जुनी आहेच. घाबरू नकोस असं लिहिणार होते, पण तू रोज हेच बघतेस, तुला काय सांगू.

कसं कळलं ते सांगते. बुधवारच्या वर्गात मी बाबांना बोलावलं होतं, बूट कसे घ्यावेत हे सांगायला. पायाचं पान नाही तर निदान बुटांचं तरी सांगू, अशी माझी हुशारी. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. फार छान बोलले. बूट संध्याकाळी घ्यावेत, दिवसभराचा पाय तेव्हा फुगलेला असतो. घालण्याआधी हात आत घालून बघावं, खडा आहे का, खिळा वर आलाय का. एकेकाला पुढे बोलावून त्यांनी पायाची मापं घेतली, गुडघ्यावर बसून, आणि प्रत्येकाला काहीतरी चेष्टेचं बोलले. तीनदा शिवलेल्या चपला घालून आलेली एक बाईसुद्धा लाजून हसली.

मावशी पहिल्या रांगेत होत्या. पस्तीस वर्षं कँटीनमध्ये काढलेली बाई, काही नासलं की तिला लांबूनच कळतं. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, सगळ्यांचे पाय बघितलेत, आता तुमचा दाखवा."

"माझं काय बघायचंय," बाबा हसले. "सुताराच्या घरी मोडकी खुर्ची असते, तसं आहे ते."

पण मावशी खाली बसल्याच. चेष्टेचाच सूर ठेवून त्यांनी बाबांचा उजवा बूट धरला आणि ओढला. बाबांनी पाय मागे घेतला नाही. त्यांना ओढलेलंच कळलं नसावं. मोज्याला अंगठ्याच्या खाली एक मोठा ओला डाग होता, तपकिरी. मावशींनी मोजा सोडवला तर आतून कापसाची घडी निघाली, आणि मग सगळ्या खोलीला तो वास आला.

छत्तीस माणसं होती, ताई. कुणी तोंड फिरवलं नाही. मी फिरवलं.

डॉक्टर म्हणतात, हाडापर्यंत गेलंय. बोटं काढून भागेल की वर जावं लागेल, ते सोमवारी कळेल.

१३ मे

ताई,

आज घोट्याच्या वर ठरलं. संध्याकाळपर्यंत ते बदलूही शकतं, आणि बदललं तर वरच्याच बाजूला.

ते झोपलेत म्हणून लिहितेय. एक गोष्ट आधी सांगून टाकते. तुझं पत्र छपाईनंतर आलं नव्हतं. सोमवारी आलं होतं, पुस्तक बुधवारी छापायला गेलं. दोन दिवस ते माझ्या पिशवीत होतं. मला राग आला होता. चार वर्षांनी पत्र लिहितेस आणि त्यात "कशी आहेस" एवढंही नाही. मग वाटलं, हिचं ऐकायचंच नाही. पुस्तक माझं आहे, माणसं माझी आहेत, इतक्या लांब बसून ही कोण मला सांगणार? इतकंच होतं, ताई. लोकांच्या भावना वगैरे मी नंतर लिहिलं.

आता दुसरी. काल त्यांना विचारलं, "बाबा, ते पान का काढायला लावलंत?"

त्यांनी आधी पांघरूण पायावर ओढलं. मग म्हणाले, "तुझ्या चित्रातली जखम अगदी तशीच होती. त्याच जागी. मला वाटलं, तू कुठूनतरी बघूनच काढलीयेस."

डिसेंबरपासून होती ती. बुटातला खिळा वर आला होता, त्यांनी स्वतःच तो ठोकून बसवला, कापूस लावला आणि कामाला गेले. दुखत नव्हतं ना! दुखत नाही म्हणजे बरी होतेय, असं ते म्हणाले. बत्तीस पानांचं पुस्तक त्यांनी माझ्या शेजारी बसून ओळ न ओळ वाचलंय. हे एकच वाक्य त्यात नव्हतं, आणि ते मी त्यांच्याच सांगण्यावरून काढलं होतं.

"मला सांगायचं नाहीत का?"

"सांगितलं असतं तर तू रडली असतीस. वर्ग छान चालला होता तुझा."

आई गेली त्या आठवड्यात तू मला म्हणाली होतीस, तुला कुणाला दुखवता येत नाही, आणि ते चांगुलपण नाही. बाबांनी आईच्या लघवीच्या तपासणीत आलेला दोष तिच्यापासून आणि तुझ्यापासून लपवला, मला माहीत होतं आणि मी गप्प बसले, म्हणून म्हणाली होतीस. तेव्हा मी तुझ्यासमोर दार लावून घेतलं. आता हेच लिहिते, की तू चूक नव्हतीस. ह्याचा उपयोग काय, ते मला माहीत नाही. हे लिहून पाय वाचणार नाही.

३ जून

ताई,

तुझी चिठ्ठी मिळाली. चार ओळी, चारही प्रश्न. उत्तरं देते. गुडघ्याखाली, वीतभर राहिलाय. टाके चांगले आहेत. दुसऱ्या पायाची नाडी लागते, पण हलकी. आणि डोळ्यांची तपासणी अजून झालेली नाही, पुढच्या महिन्याची वेळ मिळालीय.

पाचवा प्रश्न तू विचारला नाहीस. तरी सांगते, मी जेवते.

आता दुसरी बातमी, आणि ही ऐकून तू हसशील किंवा पत्र फाडशील. मुख्य कार्यालयाला पुस्तक फार आवडलंय. एवढं आवडलंय, की आमच्यासारख्या सगळ्या वस्त्यांत तेच वाटायचं ठरलंय. नऊ हजार प्रती. मी त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे धावले, म्हटलं, थांबवा, एक पान राहिलंय. त्यांनी मुख्य कार्यालयात फोन लावून माझ्याच हातात दिला. पलीकडचा अधिकारी फार सभ्य माणूस होता. म्हणाला, "मजकूर मंजूर झालाय, बाई. आता दुरुस्ती दोन वर्षांनी, पुढच्या आवृत्तीत."

मी म्हटलं, "पायाबद्दल एक अक्षर नाही त्यात. माणसांचे पाय जातात हो."

"पण हे तर तुमच्याच अहवालात आहे," तो म्हणाला, आणि मला वाचून दाखवलं. स्थानिक लोकांच्या भावनांचा विचार करून. "हा मुद्दा आमच्या समितीला विशेष भावला. आपण लोकांना घाबरवत नाही, हीच ह्या पुस्तकाची खासियत आहे."

मी सांगितलं की ते वाक्य खोटं होतं. तो म्हणाला, तसं लेखी द्या, समितीपुढे ठेवतो. लेखी दिलं. समिती सप्टेंबरमध्ये बसते. पुस्तकं जुलैत जाणार.

मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तू पान लिहून काढ, आपण हातानं घालू." दवाखान्याच्या झेरॉक्स यंत्रावर दोनशे प्रती काढल्या, कागद संपेपर्यंत. मावशींनी कँटीनमध्ये प्रत्येकाच्या पुस्तकात एकेक सरकवली. जखमेचं चित्र आहे, मी ह्या वेळी ते जसं बघितलं तसं काढलंय. परवा कँटीनमध्ये गेले होते. टेबलांवर गरम किटल्यांखाली तीच पानं घातलेली, घडी घालून. सुटं पान पुस्तकातून पडतंच. कुणाचा दोष नाही. दोनशे आमच्यापाशी, नऊ हजार तिकडे. तूच सांग.

वर्गाला अजूनही पस्तीस-छत्तीस येतात. बाबांची चौकशी करतात. पण बूट काढा म्हटलं की एकमेकांकडे बघतात, आणि कुणीतरी म्हणतं, "आमचे बरे आहेत, बाई." सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय, तरी. कदाचित बघितलंय म्हणूनच. मावशी एकट्या दर बुधवारी मोजे काढून बसतात. त्यांच्याकडे बघून आणखी दोघी काढायला लागल्यात. दोघी.

२८ जून

ताई,

बाबांना घरी आणून दहा दिवस झाले. पलंग खिडकीशी घेतलाय. दुकानाच्या मालकानं त्यांचा पायाची मापं घ्यायचा पाट पाठवून दिला, आठवण म्हणून. चांगल्या मनानं पाठवला असेल. बाबांनी तो भिंतीकडे तोंड करून ठेवायला लावला. माझ्याशी बोलतात, चहा बिनसाखरेचा पितात, औषधं वेळेवर घेतात. मी जे म्हणेन ते करतात. हेच मला सहन होत नाही. एकदा तरी नाही म्हणा, असं वाटतं.

रोज सकाळी डावा पाय बघायचा असतो. मी आरसा तळव्याखाली धरते आणि ते खिडकीबाहेर बघतात. आज टाचेच्या कडेला लाल दिसलं. बोटानं दाबलं, तरी तो रंग गेला नाही.

"कसाय?" त्यांनी विचारलं.

ओठांवर 'छान' आलं होतं. गिळलं. म्हटलं, "लाल आहे, बाबा. टाचेला. अंगठ्याच्या नखाएवढं."

शेजारच्या नळाचं पाणी बादलीत पडत होतं, ती भरून वाहायला लागेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसलो. मग त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "दे. मी बघतो."

पहिल्यांदाच मागितला त्यांनी. मला इतकं बरं वाटलं, की तुला सांगता येत नाही. मी आरसा त्यांच्या हातात दिला, त्यांचा पाय माझ्या मांडीवर घेतला, त्यांना दिसेल असा वळवला. त्यांनी आरसा धरला, डोळे बारीक केले, मान थोडी इकडे, थोडी तिकडे केली.

"दिसला का?" मी विचारलं.

"दिसला," ते म्हणाले. "हो. आहे खरा लाल. दिसला."

ताई, आरसा खिडकीकडे होता. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघितलं. त्यात पाय नव्हता, टाच नव्हती, नुसता उजेड होता, आणि ते त्या उजेडाकडे बघून माझ्यासाठी मान डोलावत होते.

मी आरसा फिरवला नाही. त्यांचा पाय मांडीवर तसाच धरून बसले.

डॉक्टर उद्या दहाला टाच बघणार आहेत. डोळ्यांची वेळ अलीकडे घ्यायला फोन केला होता, मिळाली नाही. तू येशील का? इथे येऊन तू काय करशील, हे मला सुचत नाही. मला काहीच सुचत नाही. पण ये.

तुझी धाकटी